घरी बांधलेल्या विमानाचा ऑइल कूलर: आधी हवेची वाट, मग कूलर

विदर्भात वाढलेल्या माणसाला कूलर शिकवावा लागत नाही. नव्या वाळ्याच्या ताट्या घाला, टाकी काठोकाठ भरा, पंखा फुल करा. समोरची खिडकी बंद असेल तर अर्ध्या तासात खोली नुसती दमट होते. आमची आजी आतून ओरडायची, "अरे, हवेला जायला वाट दे आधी!"

हे मला अकोल्यात वयाच्या सातव्या वर्षी कळलेलं होतं. तरीही पुढे ॲरिझोनात गॅरेजमध्ये विमान बांधताना मी तेच विसरलो. पहिल्या उन्हाळ्यात चढाई करताना इंजिनाच्या तेलाचं तापमान ११२ अंश सेल्सिअसवर गेलं आणि मी धावत जाऊन तेल थंड करणारा मोठा कूलर विकत आणला. फरक पडला दोन अंशांचा. वर मागच्या दोन सिलिंडरची डोकी आधीपेक्षा जास्त तापायला लागली. दोष कूलरमध्ये नव्हताच, त्याच्यापर्यंत हवा नेणाऱ्या नळीत होता.

म्हणून हा लेख. घरी विमान बांधणाऱ्यांची खरी जत्रा अमेरिकेत भरते. तिथे कायद्याने 'एक्स्परिमेंटल' वर्गात विमान स्वतः बांधून उडवता येतं, अट एवढीच की बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः केलेला हवा. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, तेव्हापासून मराठी घरांतही हा विषय निघतो. पुढची उदाहरणं मी व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही जातीच्या दोन आसनी विमानातली घेतली आहेत, कारण माझा हात त्यावर बसलाय. इंजिन १८० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३६०. रोटॅक्स कंपनीचं इंजिन लावणाऱ्यांसाठी पायरी २ मध्ये वेगळं लिहिलंय. ते नीट वाचा, तिथे गणितच उलटं आहे.

पायरी १: तेल किती तापायला हवं ते ठरवा

नवखे लोक विचारतात, "तेल जास्तीत जास्त थंड कसं ठेवू?" प्रश्नच चुकीचा आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तेल वंगण तर असतंच, शिवाय पिस्टनच्या खालून, बेअरिंगमधून उष्णता उचलून नेणारा हमालही तोच. पण ज्वलनातून निघणारी पाण्याची वाफ क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचात, उतरते आणि तेल पुरेसं तापलं नाही तर ते पाणी तिथेच राहतं. मग आम्लं होतात, गंज चढतो. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारी दांडी, वरच्या बाजूला बसवलेली असते. इंजिन उभं राहिलं की तिच्यावरचं तेल निथळून जातं, आणि गंजाला पहिली तीच सापडते.

लायकमिंगला उबदार हवामानात साधारण ८२ अंश सेल्सिअस तापमान हवं असतं, कमाल मर्यादा ११८. मी स्वतः समतल उड्डाणात ८५ ते ९५ दिसलं की खूश असतो. चढाईत १०५ पर्यंत गेलं तर कपाळाला आठी, ११० ला चढाईचा कोन कमी करून वेग वाढवतो. रोटॅक्स ९१२ यूएलएसची कमाल मर्यादा १३० अंश, आणि नेहमीचा पट्टा ९० ते ११०. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच शेवटचं.

आणि हो, आधी गेज तपासा. हे मी पहिल्याच पायरीत सांगतोय, कारण नंतर कोणी करत नाही. गेजचा प्रोब, म्हणजे तेलात बुडणारं टोक, काढून उकळत्या पाण्यात धरा. समुद्रसपाटीला १०० दिसायला हवं, दीड हजार मीटर उंचीवर ९५. माझ्या हँगर-शेजाऱ्याचं तेल दर वेळी उतरताना आठ अंशांनी 'तापायचं'. लँडिंग लाइट लावला की आकडा चढतो, विझवला की उतरतो. इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल होती, बाकी काही नाही. बिचारा कूलरचे भाव काढत बसला होता.

पायरी २: तुमच्या इंजिनात कूलर कुठे बसतो ते समजून घ्या

लायकमिंगमध्ये पंप तेल सम्पमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातून, उचलतो आणि दाबाने कूलरकडे ढकलतो. तिथून ते परत येऊन फिल्टरमधून बेअरिंगकडे जातं. म्हणजे कूलर दाबाच्या बाजूला आहे. वाटेत व्हर्नाथर्म नावाचा झडपेचा प्रकार असतो. आत मेणासारखा पदार्थ, तो तापला की फुगतो आणि दांडा लांब होतो. तेल थंड असताना झडप उघडी, त्यामुळे तेल सोपी वाट धरून कूलरला वळसा घालतं. ८५ अंशांच्या सुमारास दांड्याचं टोक आपल्या बैठकीवर टेकतं, वळशाची वाट बंद होते आणि सगळं तेल कूलरमधून जातं.

यातला 'टेकतं' हा शब्द महत्त्वाचा. टोक बैठकीवर गोल बसलं नाही, एका बाजूने फट राहिली, तर गरम तेलाचा काही भाग कूलरला न भेटता परत जातो. मग कूलर पानाच्या टपरीएवढा लावा, उपयोग नाही.

रोटॅक्स ९१२ मध्ये तेलाची टाकी वेगळी असते, आणि कूलर टाकी व पंप यांच्या मध्ये, म्हणजे ओढण्याच्या बाजूला असतो. पंप तेल कूलरमधून चोखून घेतो. तिथे बारीक होज (तेलाची लवचीक नळी), काटकोनी फिटिंग, अडखळत वाहू देणारा कूलर यातलं काहीही लावलं की पंपाला तेल पुरत नाही, आणि थंड सकाळी घट्ट तेलाने हे आणखी बिघडतं. सैल जोडातून तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते! त्यामुळे जमिनीवर एक थेंब न सांडता इंजिन खराब होऊ शकतं. रोटॅक्सवर कूलर निवडताना 'किती थंड करतो' याच्या आधी 'किती सहज वाहू देतो' हे बघा. होजचा आतला व्यास, जोडांची संख्या, ओढीचा दाब या सगळ्याला रोटॅक्सच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये मर्यादा दिल्या आहेत, त्या पाळा. कूलरची तोंडं वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर विमान आठवडाभर उभं राहिलं की तेल निथळून जागेवर हवा भरते. आणि प्रोपेलर उलटा फिरवायचा नाही. मित्राच्या लहान मुलालाही हात लावू देऊ नका.

पायरी ३: कागद घेऊन ढोबळ हिशेब करा

हिशेब म्हटलं की लोक पळतात, पण हा पाचवीच्या पुढचा नाही.

समजा तुमच्या तेलातून १० किलोवॅट उष्णता काढायची आहे. १८० अश्वशक्ती म्हणजे साधारण १३४ किलोवॅट, त्याच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास. हा आकडा मी हिशेबापुरता धरलाय. तुमचा आकडा इंजिन उत्पादकाकडून घ्या. ही उष्णता हवा घेऊन जाणार. कूलरमधून जाताना हवा ४० अंशांनी तापते असं धरा. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण एक किलोज्यूल लागतो, म्हणजे सेकंदाला पाव किलो हवा हवी. फिनिक्सच्या ४३ अंशांच्या दुपारी एक घनमीटर हवेचं वजन जेमतेम १.०७ किलो भरतं, प्रमाण हवामानात ते १.२२५ असतं. म्हणजे सेकंदाला सुमारे ०.२३ घनमीटर हवा.

आता ही हवा नळीतून न्यायची आहे. चार इंची नळीचं तोंड ८१ चौरस सेंटिमीटर. त्यातून एवढी हवा न्यायला तिचा वेग सेकंदाला २९ मीटर लागतो. तीन इंची नळीचं तोंड ४५-४६ चौरस सेंटिमीटर; तिथे वेग लागतो ५१ मीटर.

आणि चढाईत माझ्या विमानाचा वेग असतो १०० नॉट. सेकंदाला ५१ मीटर.

म्हणजे तीन इंची नळीत हवेला विमानाच्याच वेगाने धावावं लागेल. समोरून येणाऱ्या हवेचा जेवढा दाब होता तो सगळा नळीतच खर्च झाला, कूलरच्या जाळीतून ढकलायला शिल्लक शून्य. प्रत्यक्षात काय होतं? हवा तेवढी वाहतच नाही आणि तेल तापतं. मी हेच करून बसलो होतो. हाताशी तीन इंची नळी होती, ती लावली. मोठा कूलर लावला तेव्हाही नळी तीच! आजीची बंद खिडकी. चार इंची नळी लावून जुना, लहान कूलरच परत बसवला, आणि त्याच उन्हात चढाईला आकडा १०१ वर थांबला.

याच हिशेबातून आणखी दोन गोष्टी कळतात. एक, कसोटी चढाईची असते, समतल उड्डाणाची नाही. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० नॉटला तो पाण्याच्या सहा इंचांच्या जवळपास असतो (म्हणजे नळीत पाणी सहा इंच वर ढकलेल एवढा), १६५ नॉटला त्याच्या दुपटीहून बराच जास्त. चढाईत इंजिन पूर्ण ताकदीवर आणि हवा सगळ्यात कमी, म्हणजे कूलर चढाईसाठीच निवडायचा. दोन, उन्हाळा दोन बाजूंनी मारतो. तेल १०० अंशांवर धरलं तर १५ अंशांच्या हवेशी फरक ८५ चा, ४३ अंशांच्या हवेशी ५७ चाच. एक तृतीयांश गेला. वर हवा विरळ, तिथे आणखी बारा टक्के. जानेवारीत चाचणी करून 'माझा कूलर मस्त आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ढोबळ नियम: बाहेरचं तापमान जितकं वाढतं, तितकंच तेलाचं वाढतं असं धरा. ३० अंशांच्या दिवशी चढाईत ९६ दिसलं, तर ४३ ला १०९ दिसेल असं समजून चाला.

पायरी ४: जागा ठरवा

आरव्ही विमानांत दोन जागा चालतात.

पहिली, मागच्या बॅफलवर, डाव्या बाजूला चौथ्या सिलिंडरच्या पाठीशी. बॅफल म्हणजे इंजिनाभोवती उभे केलेले पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे, जे वरची दाबाची हवा खाली सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून जायला भाग पाडतात. इथे नळी लागत नाही, हवा थेट मिळते, आणि कूलर इंजिनाबरोबरच हलतो म्हणून होजला ताण कमी. पण दोन दुखणी आहेत. कूलर चौथ्या सिलिंडरच्या फार जवळ आला तर त्या सिलिंडरची हवा चोरतो. दोघांत जागा ठेवा, कूलर थोडा मागे सरकवून मध्ये पसरट खोका करा म्हणजे हवा जाळीच्या सगळ्या भागावर पसरेल. दुसरं, पत्रा फाटतो. तेल भरलेला कूलर दीड-दोन किलोचा, आणि तो पातळ पत्र्याच्या खिडकीत टांगलेला, समोर मिनिटाला २७०० फेरे मारणारं इंजिन. कोपऱ्यात केसासारखी चीर पडते आणि पन्नास तासांत बोटभर होते. खिडकीभोवती जाड पत्र्याची चौकट रिव्हेट करा, आणि कूलरच्या मागच्या बाजूपासून इंजिनाच्या क्रँककेसपर्यंत एक तिरकी टेकण द्या. माझ्या मते या टेकणीशिवाय बॅफलवर कूलर लावूच नये, किटच्या नकाशात असो वा नसो.

दुसरी जागा फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवर) किंवा इंजिन ज्यावर टांगलेलं असतं त्या माउंटच्या नळ्यांवर, आणि बॅफलपासून तिथवर चार इंची लवचीक नळी. कूलर निवांत राहतो, पत्रा फाटत नाही, नळीत झडप बसवता येते. बदल्यात नळीच्या प्रत्येक वळणाला दाब जातो. आणि इथे इंजिन हलतं, कूलर हलत नाही, हे विसरायचं नाही. स्टार्ट-बंद होताना इंजिन चांगलंच झुलतं, म्हणून तेलाच्या होजला मोकळीक ठेवा. नळी जिथे बॅफलला जोडते तिथे कडा गोलसर करा, तुतारीच्या तोंडासारख्या. धारदार कडेला हवा आत शिरताना अडखळते.

कूलरच्या मागे काय आहे तेही बघा. हवेला निघून जायला जागा हवी. जाळीच्या मागे दोन बोटांवर फायरवॉल असेल तर ती बंद खिडकीच. आणि खालच्या काउलिंगची, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाची, हवा बाहेर पडायची फट लहान असेल तर कूलर आणि सिलिंडर दोघेही गुदमरतात.

पायरी ५: आता कुठे कूलर विकत घ्या

विमानाच्या कूलरची ओळख बहुधा ओळींच्या संख्येवरून होते: सात, दहा, तेरा. १५०-१६० अश्वशक्तीच्या लायकमिंगला सात ओळींचा चालून जातो असं म्हणणारे भेटतील. थंड प्रदेशात चालतोही. १८० ला गरम हवामानात दहा ओळींचा घ्या. सहा सिलिंडरच्या ५४० इंजिनाला तेरा. स्टुअर्ट-वॉर्नरचे जुने कूलर, एअरो-क्लासिक्स, एअरफ्लो सिस्टिम्स ही नावं तुमच्या कानावर येतील. बाहेरचं माप सारखं असलं तरी आतल्या जाळीची दाटी वेगळी असते. दाट जाळी उष्णता जास्त काढते, पण हवेला जास्त दाब लागतो. तुमच्याकडे दाब नसेल तर दाट जाळीचा महाग कूलर विरळ जाळीच्या स्वस्त कूलरपेक्षा मागे पडू शकतो. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "पाण्याच्या चार इंच दाबाला यातून हवा किती जाते आणि उष्णता किती निघते?" आलेख दाखवला तर माणूस कामाचा. "सगळे हाच नेतात" म्हणाला तर पुढे चला.

मोटारच्या रेसिंगचे कूलर स्वस्त असतात आणि मोह होतो. रोटॅक्सवर त्या धर्तीचे कूलर सर्रास दिसतात. लायकमिंगवर मात्र मी लावणार नाही. थंडीत स्टार्ट करताना तेलाचा दाब चांगलाच उसळतो, आणि सतत थरथर. तेलाचा एक जोड फुटला तर सम्पमधलं साडेसात लिटर तेल संपायला किती वेळ लागतो, याचा विचार झोपण्यापूर्वी करून बघा.

जुना कूलर घेताना तो कोणत्या इंजिनावर होता आणि ते इंजिन का काढलं, हे विचारा. ज्या इंजिनाने आत धातूचे कण सोडले, त्याचा कूलर फुकट मिळाला तरी घेऊ नका. कण जाळीच्या खाचांत अडकून बसतात, धुतले तरी सगळे निघत नाहीत, आणि तुमच्या नव्या इंजिनात हळूहळू उतरतात. धड इतिहास असलेला कूलर असेल तर दुरुस्तीच्या अधिकृत वर्कशॉपमधून आतून साफ आणि दाबाची चाचणी करून घ्या.

पायरी ६: बसवताना

कूलरच्या दोन पट्ट्यांमधून लांब बोल्ट जातो. नट आवळला की पट्ट्या एकमेकींकडे दाबल्या जातात आणि कोपऱ्याचं वेल्डिंग तडकतं. म्हणून दोन पट्ट्यांच्या मध्ये अचूक लांबीचा नळीचा तुकडा घाला, म्हणजे बोल्टचा ताण नळीवर येईल. वीस मिनिटांचं काम आहे. मी पहिल्यांदा केलं नव्हतं.

कूलरच्या तोंडाचे आटे बऱ्याचदा निमुळते असतात. निमुळता आटा पाचरीसारखा काम करतो. "अजून अर्धा फेरा" म्हणत आवळलं की ॲल्युमिनियमचं तोंड चिरतं. चीर लगेच दिसतही नाही. नेहमी दोन पाने वापरा, एक तोंड धरायला, एक फिटिंग फिरवायला. टेफ्लॉनची टेप नको, तिचे धागे तुटून तेलात जातात. विमानासाठीचं लेपाचं सीलंट, तेही पहिले दोन आटे सोडून.

होजच्या बाजूला एएन फिटिंग, म्हणजे विमानाच्या मापाचे जोड, येतात. 'आठ नंबर' म्हणजे सोळांशाच्या हिशेबात अर्धा इंच बाहेरच्या व्यासाच्या नळीला जुळणारी. लायकमिंगच्या चार सिलिंडरला साधारण हेच लागतं. विमानाच्या फिटिंगच्या शंकूसारख्या टोकाचा कोन ३७ अंश, मोटारच्या दुकानातल्या बऱ्याच फिटिंगचा ४५. दोन्ही एकमेकांत जातात, घट्टही होतात, आणि नंतर गळतात. टेफ्लॉनच्या अस्तराचा, वरून केशरी अग्निरोधक बाही चढवलेला होज घ्या. रबरी होजही चालतो, पण त्याला वय असतं, आणि ते वय तुम्ही विसरता.

तोंडं शक्यतो वर. अडकलेली हवा वर निघून जाते.

शेवटी फटी. कूलरच्या चौकटीभोवती, बॅफलच्या जोडांत, इंजिनाच्या खाचांत लाल सिलिकॉन भरा. मग रात्री हँगरचे दिवे बंद करा, खालून बॅफलच्या आत टॉर्च धरा आणि वरून बघा. दिवसा जे 'एकदम सीलबंद' वाटत होतं त्याची चाळणी झालेली दिसेल. माझ्या बायकोने वरून बघून ताऱ्यांची नावं सांगायला सुरुवात केली होती. रबरी पट्ट्या काउलिंगला घासून काळी रेघ उमटवतात. काही तासांनी काउलिंग काढून ती रेघ बघा. जिथे रेघ तुटली तिथून हवा पळते आहे.

पायरी ७: पहिलं स्टार्ट आणि पहिली उड्डाणं

लायकमिंग सुरू केल्यावर ३० सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर बंद करा. रिकामा कूलर आणि होज तेल पितात, म्हणून इंजिन पहिल्यांदा चालवून बंद केल्यावर तेल मोजायची कांडी बघून तेल भरा. रोटॅक्समध्ये स्टार्ट करण्याआधीच हवा काढायची ठरलेली कृती आहे; ती इंजिनाच्या पुस्तकातून शब्दशः करा, ऐकीव नको.

नवं किंवा नव्याने बांधलेलं इंजिन पहिले काही तास जास्त तापतं, कारण पिस्टनच्या रिंगा अजून बसलेल्या नसतात. पहिल्या दहा तासांतल्या आकड्यांवरून कूलर बदलायचा निर्णय घेऊ नका. अमेरिकेत चाचणीचा टप्पा बहुधा २५ किंवा ४० तासांचा असतो. तो वेळ याचसाठी आहे. प्रत्येक चढाईत बाहेरचं तापमान, वेग, तेल, चारही सिलिंडर वहीत लिहा.

तेल तरीही तापतंय

इथे धीर धरा आणि क्रम मोडू नका.

आधी सिलिंडर बघा. सिलिंडरही तापताहेत आणि तेलही, तर दोष सगळ्या हवेत आहे: खालची फट, बॅफलची गळती, किंवा इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. सिलिंडर थंड आणि तेलच गरम, तर कूलरची वाट किंवा व्हर्नाथर्म.

व्हर्नाथर्म तपासणं सोपं आहे आणि मजेचंही. तो काढून तारेने पातेल्यात टांगा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. थंड असताना लांबी मोजा, पाणी हळूहळू तापवा. ऐंशीच्या पुढे दांडा लांब होताना डोळ्याला दिसतो. मग टोकावरची खूण बघा. बैठकीवर नीट टेकत असेल तर पूर्ण गोल चकचकीत कडं दिसतं. आम्ही एका मित्राच्या विमानाचा काढला, तेव्हा कडं चंद्रकोरीसारखं होतं: अर्धा भाग चकचकीत, अर्धा काळा. दांडा उत्तम लांब होत होता, पण टेकत होता एकाच बाजूने. नवा व्हर्नाथर्म आणि साफ केलेली बैठक, तेल नऊ अंशांनी उतरलं. पातेलं मात्र परत स्वयंपाकघरात नेऊ नका, आमच्याकडे त्यावरून आठवडाभर अबोला होता.

मग दाब मोजा. दोन पारदर्शक नळ्या घ्या, एकीचं टोक कूलरच्या पुढे, दुसरीचं कूलरच्या मागे. टोकं बंद करून बाजूने बारीक भोकं पाडा, म्हणजे हवेचा झोत थेट आत शिरून आकडा फसवणार नाही. दुसरी टोकं कॉकपिटमध्ये आणून रंगीत पाण्याच्या यू-नळीला जोडा. फायरवॉलमधलं भोक नीट बंद करा, तिथून धुराचा विषारी वायू आत येऊ शकतो. यू-नळी नको असेल तर जुना एअरस्पीड इंडिकेटर (विमानाचा वेगमापक): त्याचं समोरच्या दाबाचं, म्हणजे पिटोचं तोंड पुढच्या नळीला, स्थिर दाबाचं, म्हणजे स्टॅटिकचं मागच्या. १०० नॉट दिसले म्हणजे पाण्याचे साडेसहा इंच. सोबत एक माणूस घ्या. एक उडवेल, एक लिहील. चढाईत आकडा तीन इंचांच्या खाली असेल तर कूलरला हात लावू नका, हवेची वाट दुरुस्त करा. आकडा भरपूर आहे, व्हर्नाथर्म ठीक आहे, गेज खरं बोलतंय, आणि तरी तेल तापतंय, तरच मोठा कूलर. मोठा कूलर म्हणजे सिलिंडरच्या ताटातली हवा, एवढं लक्षात ठेवून.

हिवाळ्यात उलटी तक्रार येते, तेल सत्तरच्या वर जातच नाही. नळीत फुलपाखरी झडप बसवा किंवा कूलरपुढे सरकती पट्टी लावा. तात्पुरतं ॲल्युमिनियमच्या टेपने जाळीचा तिसरा हिस्सा झाकला तरी चालतं, फक्त मार्चमध्ये ती काढायची आठवण कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझ्या विमानाला ती टेप एकदा मेपर्यंत होती.

दर पन्नास तासांनी तेल बदलता तेव्हा काउलिंग निघालेलीच असते. कूलर दोन्ही हातांनी धरून हलवा, बॅफलच्या खिडकीचे चारही कोपरे फडक्याने पुसून टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघा, जाळीतले किडे आणि गवताच्या काड्या मागच्या बाजूने हलक्या हवेने उडवा, आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडा, धातूचे कण दिसतात का ते बघा.